स्वयंपाकघरातला विनोदकार

माझ्या वडिलांनी घरात एकाच माणसाची तसबीर लावली होती, आणि तो माणूस देव नव्हता, पूर्वज नव्हता, पुढारीही नव्हता. महाराष्ट्रातले एक विचारवंत होते ते. कॉलेजातली नोकरी सोडून गावोगाव व्याख्यानं देत फिरायचे. बाबा साताऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले तेव्हा इथं त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. दांडिया बाजारात मराठी व्याख्यान आहे असं कुणीतरी सांगितलं. चार मराठी शब्द कानावर पडतील एवढ्याच आशेनं ते गेले, तर हे गृहस्थ बोलत होते. बाबा सांगायचे, "दीड तास त्यांनी एकच प्रश्न विचारला. कशावरून? तुम्ही म्हणता ते खरं कशावरून, आणि मी म्हणतो ते तरी कशावरून?"

शेवटी कुणीतरी त्यांना एक अवघड प्रश्न विचारला. ते म्हणाले, "हे मला ठाऊक नाही." मग पाण्याचा घोट घेतला आणि पुढच्या माणसाकडे वळले. बाबांना त्या दीड तासापेक्षा या एका उत्तराचं जास्त अप्रूप. एवढा मोठा माणूस भर सभेत ठाऊक नाही म्हणतो! त्यानंतर त्यांनी त्या विचारवंतांची मिळतील ती पुस्तकं गोळा केली, वर्तमानपत्रातला फोटो कापून त्याला चौकट करून घेतली, आणि आमच्या घरात त्या 'कशावरून'चं राज्य सुरू झालं.

"संध्याकाळी पाहुणे येणारेत," आई म्हणायची.

"कशावरून?"

"त्यांचा फोन आला, त्यावरून!"

मी या प्रश्नाच्या सावलीत वाढले. पुढे रसायनशास्त्र शिकले, कारेलीबागेत शिकवणीचे वर्ग घ्यायला लागले, आणि मुलांना पहिल्या दिवशी मीही हेच विचारते. पण माझं मन घडवणारं माणूस दुसरंच होतं. कॉलेजात असताना मराठी ग्रंथालयात मला एका लेखिकेची कादंबरी सापडली. तिच्या पुस्तकांत फारसं काही घडत नसे. दोन जावा गच्चीवर पापड वाळत घालतायत, उन्हाबद्दल बोलतायत, आणि प्रकरण संपता संपता आपल्याला कळतं की यातली एक आता या घरात परत येणार नाही. कसं कळलं ते सांगता येत नाही. मी ती प्रकरणं पुन्हा पुन्हा वाचायची.

एकदा ती लेखिका एका साहित्यिक कार्यक्रमासाठी बडोद्याला आली. काठापदराची साधी साडी, गळ्यात चष्म्याची दोरी, आणि समोर ठेवलेल्या बशीतला बडोद्याचा ओलसर लीलो चेवडो ती अगदी मन लावून खात होती. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर मी धीर करून उभी राहिले. म्हटलं, "तुमची माणसं मनातलं कधीच स्पष्ट का बोलत नाहीत?"

तिनं चेवड्याची बशी बाजूला केली. "तुमच्या घरी बोलतात?" तिनं विचारलं.

सगळे हसले, मीही हसले. पण घरी येताना स्कूटरवर तोच विचार डोक्यात. आमच्या घरी कुठं कोण स्पष्ट बोलतं? आई रागावली की भाजी जास्त बारीक चिरते. बाबा आनंदात असले की घड्याळाला किल्ली देतात. त्या दिवसापासून मी घरातल्या माणसांचं बोलणं वेगळ्या कानानं ऐकायला लागले. हे त्या बाईचं माझ्यावरचं ऋण आहे, आणि ते तिला कधी सांगायची संधी मिळाली नाही.

राहिली आई. आई मूळची इथलीच. तिचे पूर्वज जुन्या बडोदा संस्थानाच्या फौजेत होते. घरात ती मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की पक्की गुजराती. भाजीवाल्याशी, शेजारणीशी, देवळातल्या बायकांशी तिची गुजराती अशी चाले की नव्या माणसाला ती पटेलांची वाटायची. बाबांना हे आवडत नसे. घरात शुद्ध मराठीच बोलायची असा त्यांचा दंडक होता. मी चुकून "चालशे" म्हटलं की ते म्हणत, "चालेल. चालेल म्हण."

आईचा आवडता माणूस विचारवंत नव्हता आणि लेखकही नव्हता. तो सौराष्ट्रातला एक विनोदी कलाकार होता. रंगमंचावर एकटा उभा राहून, डोक्याला फेटा बांधून, आपल्या गावच्या गोष्टी सांगायचा. ओट्यावर पोळपाटाच्या शेजारी आईचा टेपरेकॉर्डर असे आणि पोळ्या होईपर्यंत त्याच्या कॅसेटी चालत. पुढे कॅसेटी गेल्या, मोबाइल आला, पण गोष्टी त्याच आणि आवाजही तोच. आई प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची.

त्यातली एक गोष्ट होती त्याच्या मामाची. मामा आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसतो. बरोबर शिदोरी, पाण्याचा लोटा, आणि शेजारच्या प्रवाशाला सल्ले. मग तिकीट तपासायला साहेब येतात. मामाचं तिकीट बघून कपाळाला हात लावतात. "काका, आ गाडी तो ऊंधी दिशामां जाय छे!" गाडी तर उलट्या दिशेला चाललीय. मामा शांतपणे लोटा खाली ठेवतो आणि म्हणतो, "ते हुंय ऊंधो बेठो छुं ने!" मग मीसुद्धा उलटाच बसलोय की!

बाबा रेल्वेतले. त्यांना ही गोष्ट अपमानास्पद वाटे. "कुठलाही तिकीट तपासनीस असं बोलत नाही," ते म्हणायचे. "आणि काय ते हसणं. बायकोवर विनोद, मामावर विनोद. याला विचार म्हणतात?"

"विचार कोण म्हणतंय? विनोद म्हणतात याला," आई आतून म्हणायची.

मग बाबा स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे आणि आपल्या खुर्चीत पुस्तक उघडायचे. दार लोटायचे, कडी मात्र लावायचे नाहीत. त्या वेळी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बाबांना झटका आला तो उत्तरायणानंतरच्या दिवसांत. झाडांवर अजून पतंग लटकलेले होते. माझं लग्न होऊन मी वासण्याला राहायला गेले होते, वर्गासाठी रोज कारेलीबागेत यायची आणि आईबाबांकडे डोकावून जायची. त्या सकाळी बाबा सज्जात बसले होते. आई चहा घेऊन गेली तेव्हा ते म्हणाले, "खिडकी दे."

आईला वाटलं थट्टा करतायत. पण दुसऱ्याच क्षणी ती घाबरली, कारण बाबा थट्टा करत नसत. "काय म्हणालात?" तिनं विचारलं. ते पुन्हा कपाकडे बघत म्हणाले, "खिडकी." आणि उजवा हात उचलायला गेले तर तो उचलला जाईना.

आईनं शेजारच्यांना हाक मारली, मला फोन केला, आणि मी पोचेपर्यंत ते दवाखान्यात होते. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले. जीव वाचला. पाय हळूहळू सावरायला लागला, हातात थोडी ताकद आली. बोलणं मात्र गेलं. सांगितलेलं सगळं त्यांना समजत होतं, डोळ्यांवरून ते दिसायचं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. निघाला तर भलताच निघायचा. पाणी हवं असलं की "शनिवार" म्हणायचे, आणि आपण चुकीचं बोललो हे त्यांचं त्यांना कळायचं. ते कळणं बघणं सगळ्यांत अवघड होतं.

नातेवाईक येऊन जात. एक जण म्हणाले, "या वयात वाचा परत येत नसते." दुसऱ्या म्हणाल्या, "काही काळजी करू नका, महिन्याभरात खणखणीत बोलायला लागतील." मी दोघांनाही चहा दिला आणि मनात दोघांनाही तोच प्रश्न विचारला. कशावरून? त्या दिवसांत मला त्या भिंतीवरच्या गृहस्थांचा खरा उपयोग झाला. वाईट बातमी कशावरून खरी मानायची, हेही विचारता येतं, हे तोवर मला सुचलंच नव्हतं. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "किती सुधारतील हे आज मी सांगू शकत नाही." मला त्या उत्तराचा आधार वाटला. ठाऊक नाही, म्हणजे दार बंद नाही.

बोलणं शिकवायला एक तरुण मुलगी घरी येऊ लागली. स्पीच थेरपिस्ट. गुजराती होती, बाबांना दादा म्हणायची आणि आईला बा. तिनं बाबांकडून एक ते दहा आकडे म्हणवून घेतले. ती "एक" म्हणाली आणि बाबांच्या तोंडून "दोन, तीन, चार" असे आकडे घरंगळत आले. आई रडायला लागली.

"बा, हे सवयीचं बोलणं आहे," ती मुलगी म्हणाली. "पाठ झालेलं असतं ते मेंदूत वेगळ्या जागी राहतं. त्याच्या बोटाला धरून पुढे जायचं. दादांना काय पाठ आहे? आरती? भजनं?"

आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. बाबांनी जन्मात आरती म्हटली नव्हती. आई म्हणत असली की ते बाजूला उभे राहून प्रसादाची वाट बघत.

"पुस्तकं वाचायचे ते," मी म्हटलं.

"मग ती वाचा त्यांच्यासमोर. त्यांच्या आवडीची वाक्यं अर्धी सोडा. बघू काय होतं."

मी त्या विचारवंतांचं पुस्तक घेऊन बसले. बाबांनी ज्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या त्या मोठ्यानं वाचल्या आणि मध्येच थांबले. बाबांचे ओठ हलले. काही आलं नाही. मी पुन्हा वाचलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांना सगळं समजत होतं. आयुष्यभर ज्या माणसाशी त्यांनी मनात वाद घातला, त्याला आता उत्तर देता येत नव्हतं. मी पुस्तक मिटून ठेवलं.

मग मी माझ्या लेखिकेची कादंबरी आणली. ती ते शांतपणे ऐकायचे, कधी डोळे मिटून. गच्चीवरच्या पापडांचं प्रकरण संपलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझ्या मनगटावर थोपटलं. बोलले नाहीत. पण त्या बाईची माणसंही कुठं बोलायची? मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

असे पुष्कळ दिवस गेले. फाल्गुन सरत आला होता. एका दुपारी मी बाहेरच्या खोलीत मुलांचे पेपर तपासत होते, बाबा खुर्चीत होते, आणि आई आत भाकऱ्या थापत होती. बाबा आजारी पडल्यापासून तिनं मोबाइलवर काही लावलं नव्हतं. घरात दुखणं असताना हसायचं कसं, असं तिला वाटायचं. त्या दुपारी मात्र तिनं लावलं. पुढे विचारलं तर म्हणाली, "भाकरी फिरवताना हातच चालेना. वाटलं, थोडं ऐकावं."

दार लोटलेलं होतं. आवाज अगदी हळू होता. मामाचीच गोष्ट होती. मी पेपरातून डोकं वर केलं नाही. शिदोरी झाली, लोटा झाला, तिकीट तपासनीस आले. "काका, आ गाडी तो ऊंधी दिशामां जाय छे!" पुढचं वाक्य बोलायच्या आधी तो कलाकार नेहमी थोडं थांबायचा, लोकांना ताटकळत ठेवायचा.

तेवढ्या थांबण्यात माझ्या शेजारून आवाज आला. "ते हुंय ऊंधो बेठो छुं ने!"

खणखणीत. एकही अक्षर न अडखळता. त्या कलाकाराच्या आधी.

मी पेन खाली ठेवलं. दार उघडून आई बाहेर आली, दोन्ही हात पिठानं भरलेले. "कोण बोललं?" तिनं विचारलं.

मी बाबांकडे बोट दाखवलं. बाबा आमच्याइतकेच चकित झाले होते. आपल्या तोंडातून हे आलं यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

आई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागावलेला होता. "अहो! म्हणजे इतकी वर्षं ऐकत होतात तर! दार लोटून, पुस्तक उघडून, ऐकत होतात!"

बाबांचा चेहरा असा झाला की मी तो कधी विसरणार नाही. चोरी पकडलेल्या शाळकरी मुलासारखा. आणि मग ते हसले. आजारानंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूला वाकडं होत होतं, आवाज घोगरा होता, पण ते हसत होते आणि थांबत नव्हते. आई तशीच पिठाच्या हातांनी खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून हसायला, रडायला लागली. बाबांच्या लुंगीवर पिठाचे पंजे उमटले. आत भाकरी करपली. तिचा वास येईपर्यंत कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी थेरपिस्ट मुलीला सांगितलं तर ती टाळ्या वाजवायला लागली. मग आमचा नवा अभ्यास सुरू झाला. आई त्या कलाकाराच्या गोष्टी लावायची, ऐन जागी मोबाइल थांबवायची, आणि बाबा वाक्य पुरं करायचे. त्यांना किती पाठ होतं याला सुमार नव्हता. लग्नाची गोष्ट, म्हशीची गोष्ट, गावच्या शाळेत आलेल्या इन्स्पेक्टरची गोष्ट. ज्या माणसानं घरात "चालशे" चालू दिलं नाही, त्याच्या डोक्यात अख्खं सौराष्ट्र भरलेलं होतं.

मग त्या वाक्यांतून शब्द सुटे व्हायला लागले. "बेठो छुं" हे ते खुर्चीत बसल्यावर म्हणू लागले. बाहेर जायचं असलं की "गाडी." एका संध्याकाळी ते चार वेळा "गाडी, गाडी" म्हणाले. आईनं चप्पल आणली, काठी आणली, तरी ते मान हलवत राहिले. मी त्यांच्याकडे बघत बसले. ते माझ्याकडे बघत होते, मग दाराकडे, मग घड्याळाकडे. मला कळलं. अंधार पडायच्या आत तू स्कूटरवरून घरी जा, असं त्यांना म्हणायचं होतं. मी म्हटलं, "निघते हं बाबा," तेव्हा ते समाधानानं मागे टेकले. शब्दाच्या खालचं ऐकायला मला ज्या बाईनं शिकवलं, तिची त्या संध्याकाळी फार आठवण झाली.

शब्द येत होते ते सगळे गुजराती. पाठ आकडे सोडले तर मराठी एकही नाही. शेजारचे काका खूश. जिन्यात भेटले की मोठ्यानं विचारायचे, "केम छो?" आणि बाबा छाती पुढे काढून म्हणायचे, "मजामां!" आईला मात्र मनातून लागायचं. एकदा मला म्हणाली, "इतकी वर्षं माझ्याशी मराठीत भांडले. आता भांडायचं झालं तर कुठल्या भाषेत भांडतील?"

पावसाळा संपल्यावर बातमी आली की तो विनोदी कलाकार बडोद्याला येतोय. अकोट्याच्या सभागृहात कार्यक्रम होता. आता तो बराच म्हातारा झाला होता आणि फारसा कुठं जात नव्हता. आई म्हणाली, "यांना न्यायचंच." तिनं बाबांना इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि स्वतः ठेवणीतली साडी नेसली. माझ्या नवऱ्यानं गाडी काढली. बाबा काठी टेकत, माझा हात धरून, कडेच्या खुर्चीवर येऊन बसले.

पडदा उघडला तर तो खुर्चीत बसलेला. फेटा तोच, पण चेहरा लहान झालेला. त्यानं मामाची गोष्ट सांगितली नाही. म्हशीचीही नाही. मोबाइलवर सांगितलं, सुनांवर सांगितलं, आजकालच्या पोरांवर सांगितलं. लोक हसत होते, आईही हसत होती, जरा जास्तच मोठ्यानं. बाबा समोर बघत होते. एकदाही हसले नाहीत. मला वाईट वाटत राहिलं, यांना थकवा आलाय की काय, की घाई करून आणलं आपण.

कार्यक्रम संपल्यावर आई हट्टाला पेटली. "मी त्यांना भेटणार. सांगितल्याशिवाय घरी जायची नाही." रंगमंचाच्या मागच्या खोलीत तो फेटा काढून बसला होता. बशीत चहा ओतून पीत होता. डोक्यावर एक केस नव्हता. आईनं वाकून नमस्कार केला आणि सगळं सांगितलं. झटका, खिडकी, भाकऱ्या, मामा. ती गुजरातीत बोलत होती आणि मध्येच रडवेली झाली की मराठीत शिरत होती. त्यानं बशी खाली ठेवली. एवढा वेळ लोकांना हसवणारा माणूस, पण त्यानं एकही विनोद केला नाही.

"मामाची ती गोष्ट," तो गुजरातीत म्हणाला, "मी सोडून दिली, बेन. मला आता पुरती आठवत नाही. मध्येच काहीतरी निसटतं. लोकांसमोर अडकलो तर काय, म्हणून सांगत नाही."

मग आई त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसली. "मला आठवते," ती म्हणाली. आणि तिनं सुरुवात केली. मामाची शिदोरी, लोटा, शेजारच्या प्रवाशाला दिलेले सल्ले. माझी आई, जिनं जन्मात कधी स्टेजवर पाय ठेवला नाही, ती त्या कलाकाराला त्याचीच गोष्ट सांगत होती, त्याच्याच हातवाऱ्यांसकट. तो पुढे झुकून ऐकत होता. तिकीट तपासनीस आले. आईनं साहेबांच्या आवाजात सांगितलं की गाडी उलट्या दिशेला चाललीय. आणि थांबली. बाबांकडे पाहिलं.

बाबांनी काठी जमिनीवर टेकली, मान ताठ केली. "ते हुंय ऊंधो बेठो छुं ने!"

तो म्हातारा असा हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "वाह," तो म्हणत राहिला, "वाह, दादा, वाह." मग उठून त्यानं बाबांचा अधू हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "एवढ्या वर्षांनी ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली मी," तो म्हणाला. "आजवर नुसती सांगतच होतो."

आम्ही गाडीत बसलो. अकोट्याच्या पुलावरून गाडी चालली होती. आई मागच्या सीटवर बाबांच्या शेजारी, अजून त्या खोलीतच असल्यासारखी. "किती साधा माणूस," ती म्हणाली. "कार्यक्रम पण किती छान झाला, नाही?"

बाबांनी घसा साफ केला. आम्हाला वाटलं पाणी हवंय. मी बाटली पुढे केली तर त्यांनी ती बाजूला सारली.

"नाही," ते म्हणाले. मग खूप वेळ गेला. ओठ जुळत होते, सुटत होते. "नाही... जमलं. सून... सून... तेच ते."

माझ्या नवऱ्यानं गाडीचा वेग कमी केला. मी मागे वळले. आई त्यांच्याकडे बघत राहिली होती.

"काय म्हणालात?"

"जुनं... चांगलं होतं," बाबा म्हणाले. "आज... नाही."

मराठीत. पाठ केलेलं नव्हतं, कुणाच्या गोष्टीतलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं मत होतं ते, आणि तेही विरुद्ध मत. आईला आनंद व्हायला हवा होता, तसा तो नंतर झालाही, पण त्या क्षणी तिला रागच आला. "त्यांचं वय झालंय आता! या वयात एवढं करतात हे काय कमी आहे?"

"वय," बाबा म्हणाले आणि डाव्या हाताचं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "माझं... पण."

"तुम्ही कुठं स्टेजवर जाताय?"

"मग... तोही नको."

कारेलीबाग येईपर्यंत ते भांडत होते. आई दहा वाक्यं बोलायची, बाबा दोन शब्दांत उत्तर द्यायचे, आणि ते दोन शब्द शोधायला ते एवढा वेळ घेत की आईला गप्प बसून वाट पाहावी लागायची. त्यांच्या संसारात तिनं त्यांचं बोलणं इतक्या धीरानं कधी ऐकलं नसेल. माझा नवरा आणि मी पुढे बसून हसू आवरत होतो.

बाबा आता बोलतात. पूर्वीसारखं नाही, सावकाश, शब्द निवडून, आणि मराठीत गुजरातीची भरपूर सरमिसळ. त्यांना ती आता खटकत नाही. वर्तमानपत्र वाचून दाखवलं की एखाद्या बातमीवर हात वर करतात आणि हरकत नोंदवतात. स्वयंपाकघराचं दार आता लोटत नाहीत. आईच्या गोष्टींवर शेरे मारतात, ही बरी, ही बेकार.

मला पूर्वी वाटायचं, माणसाला घडवतं ते त्यानं निवडलेलं. मी माझी लेखिका निवडली, बाबांनी त्यांचे विचारवंत निवडले, आणि आम्ही दोघं आपापल्या निवडीच्या बळावर उभे आहोत. आता तसं वाटत नाही. न निवडलेलं, नको नको म्हणत ऐकलेलं, शेजारच्या खोलीतून आलेलंसुद्धा आत जाऊन बसतं. कोण कधी उपयोगी पडेल ते आधी सांगता येत नाही. त्यामुळे मी कुणाच्याच आवडीला आता नाक मुरडत नाही. माझ्या वर्गातली मुलं मोबाइलवर कुणाकुणाचं काय काय ऐकत असतात. ऐकू देत.

दर शनिवारी सकाळी मी त्या थेरपिस्ट मुलीच्या केंद्रावर जाते. तिथं बोलणं गेलेली माणसं एकत्र बसतात. माझं काम घरच्यांना विचारायचं, की हे काय ऐकायचे? कोण आवडायचं यांना? लोक आधी चांगलं चांगलं सांगतात, भजनं, प्रवचनं. मी म्हणते, ते झालंच, पण खरं काय आवडायचं?

मागच्या महिन्यात गोरव्याहून एक मराठी गृहस्थ आले. कारखान्यात लेथवर काम करायचे. आडदांड माणूस, पण महिने झाले तोंडातून शब्द नव्हता. अभंग म्हणून झाले, आकडे झाले, काही होईना. त्यांच्या बायकोला मी पुन्हा पुन्हा विचारलं. ती पदराशी चाळा करत राहिली. शेवटी म्हणाली, "ताई, सांगायला लाज वाटते. यांना सिनेमातला एक खलनायक आवडायचा. त्याच्यासारखं हसायचे. पोरं घाबरायची."

"कसं हसायचे? दाखवा बरं," मी म्हटलं.

ती उठून उभी राहिली. आजूबाजूला पाहिलं, एक हात कमरेवर ठेवला, आणि मान मागे टाकून त्या खलनायकासारखी गडगडाटी हसली. सगळी खोली वळून बघायला लागली. ती लाजून खाली बसणार एवढ्यात नवऱ्याचे खांदे हलले. त्यानंही एक हात कमरेवर ठेवला, मान मागे टाकली, आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं हसला. मग हसू थांबवून, बोट तिच्याकडे रोखून, तो म्हणाला, "चुकलं. असं नाही."